सोळा मात्रांची जागा

नानांनी कुणालाही कधी "गाता येतं का?" असं विचारलं नाही. ते विचारायचे, "तुमच्या घरात हाक कोण मारतं?" जेवायला चला म्हणून, दूधवाला आला म्हणून, पोरांनी मैदानावरून घरी यावं म्हणून प्रत्येक घरात कुणीतरी एक हाक मारतं आणि बाकीचे 'ओ' देतात. नानांना तो हाक मारणारा हवा असायचा. आमच्या मुलीने चार वर्षं गाण्याचा क्लास केलाय, असं आईबाप कौतुकाने सांगू लागले की नाना मान डोलवायचे, चहा संपवायचे आणि निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या आईलाच म्हणायचे, "ताई, रविवारी तुम्ही या."

नाना पारोळ्याच्या एका शाळेत संगीताचे शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात गाणी रचायचे. एकट्याने म्हणायची नव्हेत, वीस-बावीस माणसांनी मिळून म्हणायची. तीही शाळेच्या प्रार्थनेसारखी सगळ्यांनी एकाच चालीत नव्हेत. नानांच्या गाण्यात प्रत्येक गळ्याला वेगळी ओळ असायची. एक वर गेला की दुसरा खाली थांबायचा, तिसरा मधूनच उचलायचा, आणि सगळं मिळून एक गाणं व्हायचं. तालीम दर रविवारी सकाळी दहाला, शाळेच्या हॉलमध्ये. निम्मे लोक जळगावकडून एस.टी.ने यायचे, निम्मे धुळ्याकडून. "पारोळा मधोमध आहे. कुणी कुणाकडे गेलं असं होत नाही," नाना म्हणायचे. मी धुळ्याकडची. त्यांच्यावर लिहायला माझ्याहून लायक माणसं त्या हॉलमध्ये पुष्कळ आहेत, पण लिहायची गरज मला आहे. मला त्यांनी बोलावलं होतं आणि मी गेले नाही.

मी त्यांना सापडले तीच मुळी माझा अपमान होऊन. धुळ्यात आंतरशालेय स्पर्धा होती. मी तेव्हा नुकतीच संगीत विशारद झाले होते आणि ते सगळ्या जगाला कळावं अशी माझी इच्छा होती. पाहुणी कलाकार म्हणून मी तानपुऱ्यावर एक बंदिश गायले, ताना घेतल्या, टाळ्या घेतल्या. नाना परीक्षकांच्या टेबलाशी बसून शांतपणे शेंगदाणे खात होते. कार्यक्रम संपल्यावर माझी मैत्रीण डबा विसरून फाटकापर्यंत पोचली होती. मी मैदानाच्या या टोकाहून ओरडले, "मंगेऽऽ, डबाऽऽ!" तर मागून धोतराचा सोगा सावरत एक म्हातारा धावत आला. तसे ते तेव्हा पन्नाशीचेच होते, पण मला बाविसाव्या वर्षी सगळेच म्हातारे दिसायचे. म्हणाले, "पुन्हा मार ती हाक." मी विचारलं, "आणि मघाशी गायले ते?" तर म्हणाले, "ते तुझ्या बाईंचं होतं. हे तुझं आहे." घरी येऊन मी आईला सांगितलं, एक वेडा भेटला होता. आणि रविवारी पारोळ्याच्या गाडीत बसले.

त्या हॉलमध्ये मी एकटीच शिकलेली. बाकी सगळे हाका मारणारे. जळगावचे एक एस.टी. कंडक्टर होते, त्यांना आम्ही नुसतंच भाऊ म्हणायचो. 'एरंडोल, पारोळा, धुळेऽऽ' करून करून त्यांचा आवाज असा धारदार झाला होता की तो बसच्या टपावरूनही ऐकू यावा. सरलाभाभी धुळ्याच्या कापड दुकानदार मारवाडी घरातल्या सून. डोक्यावरचा पदर जराही न ढळू देता त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली गल्लीत भाजीवाल्याला थांबवायच्या. आणि कादरभाई पिंजारी. पारोळ्यातच गाद्या-रजया भरायचे. त्यांचा गळा इतका खालचा की ते गायला लागले की बाकावर हात ठेवलेल्या माणसाला तो हाताला जाणवायचा. पहिल्या दिवशी मी नाक उडवून बसले होते. नाना जवळ आले आणि म्हणाले, "सूर लागला की नाही ते मी बघतो. तू शेजारणीचं ऐक." पुढे कळलं, त्यांची सगळी शिकवण एवढीच होती. "आपलं गाऊन झालं की लोक दम खातात. माझ्याकडे आपलं गाऊन झालं की खरं काम सुरू होतं," ते म्हणायचे.

हे असलं गाणं त्यांना सुचलं कसं, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांचं लहानपण धरणगावातलं. घराशेजारी जिनिंग होती आणि तिथे ढिगाभोवती बसून बायका कापूस निवडायच्या, कवडी-पाचोळा बाजूला काढायच्या. काम करता करता गाणं चालायचं. पण सगळ्यांचे हात एकदम मोकळे नसायचे, त्यामुळे जिला जेव्हा जमेल तेव्हा ती उचलायची. एकीची ओळ अर्ध्यात असताना दुसरी सुरू व्हायची, तिसरी नुसती 'हूं' करून आधार द्यायची. "त्या बायका कधी एकदम गायल्या नाहीत," नाना म्हणाले, "आणि कधी बेसूर झाल्या नाहीत. मी जन्मभर तेच लिहितोय. मोठं काही केलेलं नाही."

लोकांना ते कळायला वेळ लागला. जळगावला एका समारंभात आम्ही गात होतो. गाणं ऐन रंगात, सहा ओळी सहा दिशांना चाललेल्या. एवढ्यात सूत्रसंचालकांनी माइक घेऊन जाहीर केलं, "कलाकारांचा जरा गोंधळ झालेला दिसतो. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. तोवर टाळ्यांनी त्यांना धीर द्या." लोकांनी धीर दिला. आम्हाला वाटलं नाना आता चिडतील. ते पोट धरून हसत होते. परतीच्या गाडीत त्यांनी आमच्या मंडळाचं बारसं केलं, 'गलका.' त्यानंतर पत्रिकांवर तेच नाव छापलं जायचं आणि अनोळखी लोक बिचकून विचारायचे की हे नाव छापायचंच आहे ना.

नानांची वही हा एक वेगळाच प्रकार होता. शाळेतली चित्रकलेची वही, आडवी धरलेली. डाव्या बाजूला एकाखाली एक नावं आणि प्रत्येक नावापुढे सुरांची ओळ. पहिला आवाज, दुसरा आवाज असली भानगड नाही. 'सरला', 'कादर', 'भाऊ', 'सुनंदा.' नवा माणूस आला की नाना आधी त्याच्या घरी जेवायला जायचे. तो कसा बोलतो, कसा खाकरतो, हसताना आवाज कुठे फुटतो, हे ऐकून यायचे आणि मगच लिहायचे. त्यामुळे आपली ओळ अंगाला बेतलेल्या पोलक्यासारखी बसायची आणि दुसऱ्या कुणाला गाता यायची नाही. त्या सगळ्या वह्यांत एकच नाव कुठेही नव्हतं, त्यांचं. मी एकदा म्हटलं, "नाना, स्वतःला पण एक ओळ ठेवा की." ते म्हणाले, "मी ऐकतो ना. एवढं सगळं गायचं कुणासाठी मग?"

'झोका' त्यांनी माझ्या दुसऱ्या वर्षी लिहिलं. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं गाणं. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गातात. नानांच्या गाण्यात एकेक लेक येते, आपापल्या सासरच्या गावाचं काहीबाही सांगते आणि झोक्यावर बसते. गाणं दोनदा फिरतं, झोका गेला की परत येतो तसं. पुरुषांनी काय करायचं असा प्रश्न होता, तर नानांनी कादरभाईंना झाडाची फांदी केलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच खोल, करकरता सूर. कादरभाई गावभर सांगत सुटले, "अपन फांदी है. अपन टूटे तो सब पोरी लोग नीचे."

त्यात माझी ओळ सगळ्यात शेवटी. सगळ्या जणी बसल्या, झोके भरले, आणि एक लेक अजून वाटेवरच आहे. तिथे बाकीचे सगळे सूर खाली उतरतात आणि सोळा मात्रा एकटीच गाते: "माय वं, मना झोका राखी ठेव, वाट लांबनी शे." माझा झोका राखून ठेव, वाट लांबची आहे, एवढंच. मग तिच्या शेवटच्या अक्षराला धरून सगळे पुन्हा उठतात. मला भलताच आनंद झाला. एवढ्या वीस जणांत एकटीने गायची ओळ माझी, म्हणजे माझं शिक्षण शेवटी मानलं तर. नानांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तू दर रविवारी उशिरा येतेस म्हणून लिहिली. वेळेवर येत असतीस तर दुसरी लिहिली असती." मला मिळते ती धुळ्याची गाडी उशिरा सुटते हा काय माझा गुन्हा, असं मी फुगून म्हणाले आणि सगळा हॉल हसला. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा झाकून ठेवायच्या. उशिरा येणाऱ्यांचं पहिलं खाणं, असा त्यांचा नियम होता.

नानांचाही एक नियम होता. कंडक्टर भाऊ निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. त्यांची ओळ कोण गाणार, यावर आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो. नानांनी त्यांची ओळ फळ्यावर लिहिली आणि तिचे पाच तुकडे करून पाच जणांना दिले. चार मात्रा मला आल्या. "गेलेल्याची ओळ वाटून घ्यायची," ते म्हणाले, "आणि असलेल्याची राखून ठेवायची." राखून ठेवायची म्हणजे काय, तेही आम्ही पाहिलं होतं. सरलाभाभी बाळंतपणाला गेल्या तेव्हा तीन महिने त्यांच्या ओळीला आम्ही गप्प उभे राहायचो. नानांचा हात वर तसाच धरलेला, तळवा भाभींच्या रिकाम्या जागेकडे. मात्रा संपल्या की हात खाली. कुणी चुळबुळ केली तर नाना म्हणायचे, "जागा सोडा. पोर येई." आणि एका रविवारी भाभी खांद्यावर बाळ टाकून आल्या आणि बाळाला थोपटत थोपटत आपली ओळ गायल्या. तेव्हा मी तिथेच होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं होतं, हे मुद्दाम सांगते.

मग पुण्याहून एका वाहिनीचं बोलावणं आलं. त्यांना गावोगावची गाणी हवी होती आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. मी 'झोका'तली माझी ओळ घेतली. तिला पुढेमागे आलाप लावले, त्यांनी ढोलकी लावली, ताशा लावला. रेकॉर्डिंगच्या आधी एक जण कागद घेऊन आला. "गीत-संगीत कुणाचं?" मी म्हणाले, "आमच्याकडचं आहे. आखाजीला म्हणतात." त्याने लिहून घेतलं. पडद्यावर खाली पट्टी आली, 'खान्देशी लोकगीत, पारंपरिक.' मी खोटं बोलले नाही. नुसतं नाव घेतलं नाही. तेवढा एक शब्द उच्चारायला किती श्वास लागला असता, याचा हिशोब मी पुढे पुष्कळदा केला. ते गाणं चाललं. लग्नाच्या वरातीत वाजलं. लोक फोटो काढायला येऊ लागले.

मग एका रविवारी मी पारोळ्याला गेले. मिरवायलाच गेले होते, आता कशाला लपवू. हॉलमध्ये कुणी धड बोलेना. सरलाभाभींच्या मोबाइलवर सगळ्यांनी ते पाहिलं होतं. नानांनी नेहमीसारखा 'झोका' घेतला, दोन्ही फेऱ्या, मीही गायले. संपल्यावर ते म्हणाले, "ओळ तुझीच आहे, सुनंदे. पण ती एकटी कधी नव्हती."

आवाज चढवून नाही, दुखावून नाही, एखाद्या पोराला सूर दाखवावा तसं म्हणाले. ते रागावले असते तर मी रडले असते आणि प्रश्न मिटला असता. पण सगळ्यांसमोर चूक दाखवलेली मला सोसली नाही. मी म्हणाले, "नाना, या शाळेच्या भिंतींबाहेर तुमचं गाणं कुणी ऐकलं होतं का? माझ्यामुळे ऐकलं." कादरभाईंनी खाली पाहिलं. अक्का भाकरीचं फडकं उलगडत होत्या, त्यांचा हात थांबला. नाना म्हणाले, "खरं आहे." आणि फळा पुसायला लागले. मी पिशवी उचलली. भाकरी तशीच राहिली.

त्यानंतर अकरा वर्षं मी पारोळ्याला उतरले नाही. पुण्यात राहिले, लग्न केलं. वाहिनीला दुसऱ्या वर्षी दुसरं कुणी सापडलं आणि मी सोसायटीतल्या मुलांना गाणं शिकवू लागले. भावाकडे धुळ्याला जायची, पण जळगावची गाडी कधी धरली नाही. साधारण वर्षभराने सरलाभाभींचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "तुझी ओळ नाना कुणाला गाऊ देत नाहीत गं. तिथे आम्ही सोळा मात्रा गप्प उभे राहतो." मला काय वाटावं? मला वाटलं, हे मला वाळीत टाकणं झालं. प्रत्येक कार्यक्रमात, शंभर लोकांसमोर, इथे एक बाई होती आणि ती अशी निघाली, हे दाखवायचं. मी भाभींना तसं बोलूनही दाखवलं. नियम मला ठाऊक होता, भाभींची रिकामी जागा मी डोळ्यांनी पाहिली होती. पण राग धरून बसलेल्या माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही, आणि मी तर राग धरण्यात विशारदच्याही पुढे गेले होते.

दोन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कादरभाईंनी फोन करून सांगितलं. जिभेवर शब्द येत नाहीत, पण सूर येतात म्हणे. बोलता येईना, गाता यायचं. रविवारी दोघे जण त्यांना खुर्चीवर बसवून हॉलमध्ये न्यायचे आणि ते डाव्या हाताने इशारे करायचे. डाव्या हाताची सवय नसल्याने सुरुवातीला उजवीकडचे लोक डावीकडच्यांच्या जागी उचलायचे आणि खराच गलका व्हायचा. कादरभाई हे हसत हसत सांगत होते. मग म्हणाले, "ताई, एक बार आके जाव. नाना तुम्हारी जगह पे देखते रहते." मी म्हणाले, परीक्षा चालू आहेत, दिवाळीनंतर येते. दिवाळीनंतर घरात रंगकाम काढलं. या माघात अक्कांचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, एक डाव येई जाय." मी म्हणाले, "अक्का, आखाजीला येते. नक्की." आखाजीच्या आधीच्या रविवारी दरवर्षी 'झोका' व्हायचा. मला वाटलं, जायचंच तर त्या दिवशी जावं, सगळ्यांसमोर गावं, मग पायांवर डोकं ठेवावं. माफी मागायचीही मी छान मांडणी करून ठेवली होती. नाना चैत्रात गेले.

मी आखाजीच्या आधीच्या रविवारी गेले. दिलेला शब्द तेवढाच पाळला. आदल्या दिवशी भावाकडे उतरले आणि सकाळी धुळ्याहून निघाले. गाडी उशिराच सुटली. पारोळ्याला पोचेपर्यंत पावणेअकरा झाले होते, ऊन कपाळावर आलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात चपलांची रांग होती आणि आतून कादरभाईंचा सूर येत होता. फांदी करकरत होती. म्हणजे 'झोका' सुरू झाला होता.

मी दारात थांबले. समोर कुणीच हातवारे करत नव्हतं. जिथे नाना उभे राहायचे तिथे त्यांची खुर्ची होती आणि खुर्चीवर ती आडवी वही उघडी ठेवलेली. सगळे तिच्याकडे बघून गात होते. बरेच चेहरे नवे होते. दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, दोन माणसांच्या मध्ये एका माणसाएवढी जागा सोडलेली होती. ज्या नव्या मुलींनी मला कधी पाहिलंही नव्हतं, त्याही अंग चोरून उभ्या होत्या, ती जागा अडू नये म्हणून.

एकेक लेक आली, झोके भरले, सूर खाली उतरले. आणि सगळा हॉल गप्प झाला. ती शांतता मी दहा वर्षं मनात ऐकत आले होते आणि दर वेळी ती मला चपराक वाटली होती. प्रत्यक्षात तिच्यात चपराक कुठेच नव्हती. दाराशी कुणी आलंय का, हे ऐकताना माणसं जशी थांबतात तशी ती वीस माणसं थांबली होती. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. सोळा मात्रा संपल्या आणि ते पुढे गेले.

झोका परत आला. दुसऱ्या फेरीत पुन्हा सूर उतरले आणि मी दारातूनच, पिशवी खांद्याला तशीच ठेवून, गायले. "माय वं, मना झोका राखी ठेव, वाट लांबनी शे." आवाज प्रवासाने बसलेला होता, वर जाताना चिरकला. ताना कुठल्या, धड सूरही नव्हता, हाकच होती ती. कुणी मान वळवली नाही. नानांनी तसं शिकवलंच होतं, कुणीही आलं तरी गाणाऱ्याने मागे बघायचं नाही. फक्त सरलाभाभींचे खांदे हलले. माझ्या शेवटच्या अक्षराला धरून सगळे सूर उठले आणि अकरा वर्षांनी ते गाणं पुरं झालं. त्यासाठी ज्याने एवढी वर्षं हात वर धरून ठेवला होता, तो माणूस तेवढा नव्हता.

गाणं संपल्यावर अक्का आल्या. त्यांच्या पायांशी वाकले तर त्यांनी मला वरच्या वर धरलं आणि बाकावर बसवलं. फडक्यातून भाकरी काढली, ठेचा काढला. उशिरा येणाऱ्यांचं पहिलं खाणं. मी भाकरी मोडली. त्या माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. दोन वर्षं नानांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. शब्द नव्हतेच, सूर तेवढे होते, आणि ते सूर माझ्या ओळीचे. "पानी जोयजे तरी तुनीच वळ. चादर जोयजे तरी तीच वळ," अक्का म्हणाल्या. "मी दोन्ही लई जाऊ." मी विचारलं, मी आखाजीला येणार हे त्यांना सांगितलं होतं का. अक्कांनी होकाराची मान हलवली. मग डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटून दाखवली, नाना दिवस कसे मोजायचे ते. मी रडले. अकरा वर्षांपूर्वी त्या हॉलमध्ये रडायला हवं होतं ते सगळं आता रडले, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

लोक पांगू लागले. धुळ्याची गाडी साडेबाराची. कादरभाई सतरंजी गुंडाळत होते. आता सत्तरीचे झालेत, वाकून उठायला त्रास होतो. मी दुसरं टोक धरलं. खुर्चीवरची वही अजून उघडीच होती. डावीकडे एकाखाली एक नावं, भाऊंच्या नावापुढे पाच तुकडे, सगळ्यात खाली 'सुनंदा.' कादरभाईंनी वही मिटली, खांद्यावरच्या रुमालाने तिची पाठ पुसली आणि बराच वेळ हातातच धरून ठेवली.

"भाऊ गये तो उनकी ओळ बाँट ली थी," ते म्हणाले. "नानाकी एक भी ओळ रहती ना ताई, तो सबने थोडी थोडी ले ली रहती."